भेवाची खुर्ची

इंगळे मॅडम माणसाचं नाव विचारायच्या आधी त्याचं मनगट धरायच्या. अमरावतीच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयात मी कंत्राटी परिचर म्हणून रुजू झाले, त्या सकाळी त्यांनी माझंही धरलं. मी नेमणुकीचा कागद पुढे केला होता. त्यांनी तो न वाचताच टेबलावर ठेवला, दोन बोटं माझ्या नाडीवर टेकवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मिनिटभर मोजत राहिल्या. मला वाटलं, माझ्यात काही आजार शोधतायत आणि आता परत पाठवणार.

"एकशे दहा," त्या म्हणाल्या. "बस आधी. आमी काय खाऊन टाकतो का तुले?"

मी बसले, पण धडधड काही थांबली नाही. माझी ती कधीच पुरती थांबत नाही. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या गल्लीत वाढले, नववीत शाळा सुटली, पुढे धुणीभांडी, शिवणकाम, दवाखान्यात झाडू, असं जे मिळेल ते केलं. छापील कागद दिसला की आधी दुसऱ्याच्या हातात द्यायचे. त्या दिवशी पाटी वाचून कळलं की आपण मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत आलोय, आणि मनाची प्रयोगशाळा म्हणजे आता आपल्या मनातलं सगळं यांना दिसणार, अशी पक्की धास्ती बसली.

मॅडम ठेंगण्या होत्या. सुती साडी, खाली कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात शिट्टी. दर्यापूरकडच्या, तरुणपणी खो-खो खेळलेल्या. चालताना अजूनही अंग थोडं पुढे झुकलेलं असायचं, जणू कोणीतरी पाठीवर थाप मारून आता "खो" देणार आहे. वर्गात भाषा छापील पुस्तकासारखी. वर्गाबाहेर पाऊल पडलं की थेट वऱ्हाडी. आपला विषय समजावून सांगताना म्हणायच्या, "पाय कसा टाकाचा हे शिकवणारे बाकीचे हायत. पाय लटपटते तवा काय कराचं, थे मी शिकवतो."

पहिल्याच दिवशी माझी चूक झाली. झाडताना दिसलं की टेबलाजवळ एक लाकडी खुर्ची रिकामी पडून आहे, म्हणून ती मी उचलून व्हरांड्यात ठेवली. मॅडम आल्या, बघितलं, स्वतः खुर्ची उचलून आत आणली. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "हे भेवाची खुर्ची हाय. भेव आलं का त्याले बसवाचं. उभं ठेवलं का थे मानेवर चढते." मला वाटलं बाईंचं डोकं ठिकाणावर नाही, भीतीला कोणी खुर्ची देतं का. पण पुढे रोज बघितलं. स्पर्धेला निघालेला एखादा दांडगा पहिलवान यायचा, त्याला त्या खुर्चीसमोर बसवायच्या आणि म्हणायच्या, सांग, तुझं भेव काय काय घेऊन आलंय, कुठे बसलंय तुझ्या अंगात. पहिलवान आधी हसायचा. मग पोटाला हात लावून म्हणायचा, इथं. मग बोलायला लागायचा. धारणीकडची एक धावपटू पोरगी तर खुर्चीकडे बघत कोरकूत बोलली, मॅडमना अक्षर कळलं नाही, तरी त्या शेवटपर्यंत मान हलवत ऐकत राहिल्या.

त्यांच्या विद्यार्थ्यांना प्रात्यक्षिकासाठी माणूस लागायचा. जर्नलमध्ये प्रत्येक पानावर दोन ओळी असत: प्रयोगकर्ता म्हणजे प्रयोग करणारा, आणि प्रयुक्त म्हणजे ज्याच्यावर प्रयोग होतो तो. प्रयुक्तच्या ओळीत बहुतेक माझं नाव पडायचं. शोभा खंडारे, परिचर. बटण दाबा, आकडे आठवा, काळजीची प्रश्नावली भरा. काळजीत माझे गुण नेहमी वर्गात सगळ्यात जास्त. पोरं म्हणायची, शोभाताई पहिल्या नंबरानं पास. मी पण हसायचे.

त्यातला आरशाचा प्रयोग मला सगळ्यात अवघड जायचा. कागदावर दुहेरी रेघांची चांदणी छापलेली. कागद पुठ्ठ्याआड झाकलेला, समोर आरसा. आरशात बघत बघत दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची. हात उजवीकडे न्यावा तर भलतीकडेच जातो. मॅडम स्वतः दर सोमवारी तास सुरू व्हायच्या आधी एक चांदणी काढायच्या. "हात पाहून घेतो," म्हणायच्या. कोपऱ्यात सही आणि लागलेला वेळ लिहायच्या. कागद फेकायचं काम माझं. मी फेकत नव्हते. इतकी सुबक चांदणी टाकून द्यायला मन व्हायचं नाही, म्हणून कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवत गेले.

म्हणूनच मला दिसलं. दिवाळीनंतर एकदा कप्पा आवरताना कागद ओळीनं लागले. चांदणीला लागणारा वेळ वाढत गेला होता. पण माझी नजर अडकली सहीवर. आधी ऐसपैस असलेली सही दर सोमवारी जराशी बारीक होत गेली होती. शेवटच्या कागदावर ती मुंगीएवढी होती.

त्यानंतर मी त्यांचा उजवा हात बघायला लागले. मांडीवर मोकळा पडला की अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासायची, देवासाठी वात वळावी तसं. हे त्यांनाही माहीत होतं. एकदा माझ्यादेखत त्यांनी हात दुसऱ्या हातानं दाबला आणि म्हणाल्या, तपासणी समिती येणार आहे ना, त्याचा ताण. मग डोळे मिटून श्वासाचा व्यायाम केला, चार आकडे आत, सहा बाहेर. समिती येऊन गेली. बोटं वळतच राहिली. मग त्या म्हणाल्या, निकालाचा ताण. पोरांना शिकवलेला प्रत्येक उपाय त्या स्वतःवर करत होत्या. खुर्चीसमोरही बसायच्या, दार लोटून. मी बाहेर उभी असायचे, पण बोलणं ऐकू यायचं नाही.

सांगावं की नाही? मी नववी सुटलेली. त्या भीती या विषयावर डॉक्टरेट केलेल्या. माझं कंत्राट दरवर्षी त्यांच्याच शिफारशीवर वाढायचं. आणि चुकलं तर?

पण न सांगण्याचं काय होतं, हेही मी बघितलं होतं. माझे बाबा अकोल्याच्या बाजारात हातगाडी ओढायचे. एका सकाळी निघताना त्यांची डाव्या पायातली चप्पल दोनदा निसटली आणि त्यांना कळलंच नाही. मला दिसलं. बोलले तर शाळेला उशीर करते म्हणून रागावतील, म्हणून गप्प राहिले. दुपारी त्यांना चौघांनी उचलून घरी आणलं. डावं अंग गेलं ते गेलंच, आणि माझी शाळा तिथेच सुटली. घरात कोणी मला बोल लावला नाही, कारण चपलेचं मी कोणाला सांगितलंच नव्हतं.

तरी मी मार्चपर्यंत गप्प होते. हे लिहितानाही लाज वाटते.

एका सोमवारी मॅडम कसल्याशा गोष्टीवर मनापासून हसत होत्या. कोणा पोरानं उत्तरपत्रिकेत काहीतरी भलतंच लिहिलं होतं. हसताहसता त्यांचा हात टेबलाच्या कडेला पडला आणि बोटं वळायला लागली. मी पुढे झाले आणि त्यांचं मनगट धरलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाला असं धरलं असेल. घड्याळाकडे बघत मोजलं. माझी स्वतःची नाडी कानात इतकी वाजत होती की दोनदा चुकले, पुन्हा पहिल्यापासून मोजलं. त्यांनी हात ओढला नाही.

"बहात्तर," मी म्हणाले. "मॅडम, हे भेवाचं नाही."

"कायवरून म्हणतं?"

"भेवाचं मले माईत हाय. माया हात कप उचलला का हालते. तुमचा ठेवला का हालते, अन् पेन्सिल धरली का थांबते. भेव असं नाई करत."

मग कप्प्यातले सगळे कागद काढून टेबलावर ओळीनं मांडले. त्या एकेका सहीवर बोट ठेवत गेल्या. शेवटच्या सहीशी आल्यावर उठल्या आणि भेवाच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. त्या खुर्चीत माणूस बसलेला मी तेव्हाच बघितला.

अमरावतीत कोणाला कळू नये म्हणून डॉक्टर अकोल्याचा निवडला. सोबत मला नेलं. डॉक्टरांनी चालायला लावलं, बोटं आपटायला लावली, कागद बघितले आणि कंपवाताचं नाव घेतलं. म्हणाले, सुरुवात होऊन वर्ष-दीड वर्ष झालं असावं. गोळ्यांनी आटोक्यात राहील, बरं मात्र होणार नाही. परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूर गेल्यावर मॅडमनी विचारलं, कधीपासून माहीत होतं. मी म्हणाले, दिवाळीपासून. कावून नाई सांगतलं, त्यांनी विचारलं. मी म्हणाले, भेव वाटलं. मग मी चपलेचंही सांगून टाकलं, सगळं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मला वाटलं, संपलं आपलं.

बडनेऱ्याला बस थांबली तेव्हा म्हणाल्या, "मी तीस वर्षं लोकाइले त्याइचं भेव दाखवत आली, वं शोभा. मायं खरं दुखणं आलं, तर त्यालेई मी भेवच म्हटलं. तू पाच महिने उशिरा बोलली. मी तर बोललीच नसती."

त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. शेवटच्या तासाला त्या सगळ्या चांदण्या वर्गात भिंतीवर लावल्या आणि छापील भाषेत शांतपणे सांगितलं की शिक्षकाची चूक कशी होते. ज्याला जो विषय येतो, त्याला सगळीकडे तोच दिसतो, म्हणाल्या. मी दाराशी उभी होते. तास संपल्यावर त्यांनी जर्नलचं एक कोरं पान घेतलं आणि खूप वेळ लावून, मुंगीच्या अक्षरात, दोन ओळी भरल्या. प्रयुक्त: विमल इंगळे. प्रयोगकर्ता: शोभा खंडारे. ते पान माझ्या हातात दिलं.

नव्या विभागप्रमुखांनी परिचराची गरज नाही म्हणून माझं कंत्राट थांबवलं. मॅडमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचं हैदराबादला व्यायामोपचाराचं केंद्र आहे, तिथे त्यांनी शब्द टाकला. अनोळखी मुलूख, तेलुगू भाषा, मी आठवडाभर नीट जेवले नाही. गाडी अकोल्याहून होती, मॅडम तिथवर मला सोडायला आल्या. गाडी फलाटाला लागताना सवयीनं माझं मनगट धरलं. पण एव्हाना काही धरलं तरी त्यांचा हात थांबत नव्हता, त्यांना माझी नाडीच लागेना. तीनदा प्रयत्न केला. मग हात सोडून हसल्या.

"तुयी कोणती अन् मायी कोणती, काई समजत नाई बापा. आता तूच मोजत जाय."

इथे मी कंपवाताच्या म्हाताऱ्यांना चालवते, त्यांचे हात धरते. राहायच्या खोलीत एक जास्तीची खुर्ची ठेवली आहे, सोबतच्या बायका तिच्यावर कपडे टाकतात आणि मी ते उचलते. दर रविवारी अमरावतीला फोन करते. मॅडम बहिणीकडे असतात. आवाज बारीक झालाय, सहीसारखाच. फोन लावायच्या आधी दर वेळी वाटतं, आज दुसऱ्याच कोणीतरी उचलला तर? मग मी खुर्चीसमोर बसते, मनगटावर दोन बोटं ठेवते आणि मिनिटभर मोजते.

परवा एकशे चार होती. तरी लावला.