चार आकड्यांचे दहा

आमच्या थोरल्या जाऊबाईंइतकं डोकं जालना जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला नसेल, आणि असलंच तर त्या माणसानं आपल्या गाडीवर बसून भोकरदनला यावं. तो गाडी स्टँडला लावेपर्यंत जाऊबाईंनी त्याच्या नंबराचे दहा केलेले असतील. दहा करणं म्हणजे काय, ते आधी सांगते. कुठलेही चार आकडे घ्यायचे, हवे तसे मागेपुढे करायचे, बेरीज-वजाबाकी-गुणाकार-भागाकार काय वाटेल ते करायचं, पण प्रत्येक आकडा एकदाच वापरायचा आणि उत्तर दहा आलं पाहिजे. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात असली कोडी येतात. लोक चहाबरोबर ती सोडवतात आणि कपाबरोबर विसळून टाकतात. जाऊबाईंनी मात्र रस्त्यावरून जाणारं प्रत्येक वाहन आपल्यालाच घातलेलं कोडं आहे असं समजून आयुष्य काढलं.

त्या भोकरदनला घरीच ब्लाऊज शिवतात. मशीन खिडकीशी, खिडकी रस्त्याशी. पायाखाली पायडल चालू, बोटांखाली शिवण चालू आणि ओठांत, "सात नि पाच बारा, चारातून दोन गेले दोन, बारातून दोन गेले, झाले दहा," असा जप चालू. एखाद्या नंबराचे दहा होतच नाहीत. चार एक्के असलेली एक जीप त्यांच्या गल्लीत यायची, तिच्या मालकाबद्दल त्यांना मनापासून कणव वाटे. "गाडी बराबर चालती बिचाऱ्याची, पण नंबर काही चालंना," असं त्या म्हणायच्या. माप घ्यायला आलेल्या बायकाही यातून सुटत नाहीत. छाती चौतीस, कंबर अठ्ठावीस असं टेपवर दिसलं की जाऊबाईंचा चेहरा उजळतो. "दोन त्रिक सहा, आठातून चार गेले चार, सहा नि चार दहा! लई गोड माप हाय तुमचं." ती बाई लाजते आणि पुढच्या वेळी बहिणीलाही घेऊन येते. एकीला मात्र त्या म्हणाल्या होत्या, "कंबर एक इंच वाढवता का? मंग जमतंय." ती परत आली नाही.

पुतणीच्या लग्नात नवरदेवाची गाडी दारात आली तेव्हा नंबरपाटीवर झेंडूची माळ आली होती. जाऊबाई अक्षता मुठीत घेऊन गाडीपुढे वाकल्या आणि त्यांनी माळ बाजूला केली. हा मुलीकडचा काही विधी असावा असं समजून मुलाकडच्या दोन बायकांनीही वाकून पाटीला हात लावला. आणि एकदा माझ्याकडे यायला निघालेल्या असताना स्टँडवर बसच्या नंबराशी त्या इतका वेळ झुंजल्या की बस निघून गेली. दीर चिडले. "गेली ना बस!" जाऊबाई म्हणाल्या, "बस गेली, पण दहा झाले."

मी जालन्यात मुलींच्या शाळेत गणित शिकवते. जाऊबाईंचा हा खेळ मी आठवीच्या वर्गात नेला आणि मुलींना तो फार आवडला. एके दिवशी एका मुलीनं आकडे दिले : तीन, चार, सात, आठ. वर्ग अडला. मीही अडले. घरी येऊन दोन पानं भरली आणि दुसऱ्या दिवशी फळ्यासमोर उभी राहून ठणकावून सांगितलं, "याचे दहा होत नाहीत. पुढे चला."

त्या शनिवारी जाऊबाई अस्तराचं कापड घ्यायला जालन्याला आल्या आणि मस्तगडला आमच्याकडे उतरल्या. मेथी निवडता निवडता मी त्यांना ही हकिगत सांगितली.

"होत न्हाईत? कोण म्हणलं?"

"मीच सांगितलं वर्गात, अक्का."

जुडी अर्धी झाली असेल नसेल, तोच त्यांनी विचारलं, "साताचे चार वाटे केले तर एक वाटा केवढा?"

"एक पूर्णांक तीन..."

"पावणेदोन म्हण की गं सरळ. तिनातून पावणेदोन गेले?"

"सव्वा."

"मंग आठ सव्वा किती?"

माझ्या हातातली मेथी तशीच राहिली. दहा. पदवी माझ्याकडे होती, पण अपूर्णांक माझ्यासाठी पुस्तकातला एक धडा होता. त्यांच्यासाठी ते रोज कात्रीखालून जाणारं कापड होतं.

सोमवारी मी मुख्याध्यापिकाबाईंची परवानगी काढून त्यांना वर्गात नेलं. मुलींसमोर म्हणाले, "मी तुम्हाला चूक सांगितलं होतं. बरोबर काय ते या सांगतील." जाऊबाईंनी खडू घेतला नाही. पदराच्या काठावरच बोटानं वाटे पाडून दाखवले आणि आठ सव्वा दहा म्हणताच सगळा वर्ग ओरडला. एका मुलीनं विचारलं, "तुमचं शिक्षण किती झालंय?" जाऊबाई हसल्या आणि पदर सारखा करत राहिल्या.

स्टँडकडे चालताना त्या म्हणाल्या, "दहावीला नापास झाल्ते मी. गणितात."

"तुम्ही? गणितात?"

"उत्तरं बराबर होती गं. नुसती उत्तरंच लिहिल्ती. रीत लिहायची ऱ्हायली. मला वाटलं, येवढं तर तपासणाऱ्याला दिसतंच असंल." थोडं चालून त्या म्हणाल्या, "मंग घरच्यांनी परत काही बसवलं न्हाई. स्थळ आल्तं."

'रीत कुठे आहे?' असं लाल शाईनं मी आजवर किती वह्यांत लिहिलं असेल, आणि कुणालाही जवळ बोलावून 'उत्तर कसं काढलंस?' असं विचारलं नव्हतं.

भोकरदनची बस लागली. जाऊबाई खिडकीशी बसल्या, अस्तराची पिशवी मांडीवर घेतली. बस हलली तसं त्यांनी बाहेर डोकावून हाक दिली, "अगं, त्या पोरींना रीत लिहायला शिकव बरं का. माझ्यासारखं मनातल्या मनात नको."

मी मान हलवली. ती त्यांना दिसली की नाही, कोण जाणे.