रुस्काकाकूचं दार

माझं दुकान तळघरात आहे. खिडकी रस्त्याला लागून, घोट्याच्या उंचीवर. पाव, बिअर, सिगारेट, काहीही हवं असलं तरी सोफियातल्या भल्याभल्यांना माझ्यापुढे उकिडवं बसावं लागतं, आणि गेली तीस वर्षं मला याची मोठी गंमत वाटत आली आहे. गिऱ्हाईक वाकेपर्यंत मला फक्त त्याचे बूट दिसतात. त्यामुळे मी माणसं बुटांवरून ओळखते.

मानोलकाकांचे बूट तपकिरी, डावी टाच झिजलेली. त्यांची बायको रुस्काकाकू गेल्यापासून ते बूट सारखे माझ्या खिडकीवरून जाऊ लागले. सकाळी गेले की दुपारी परत, जेमतेम सूप पोटात गेलं की पुन्हा बाहेर. पाऊस बघितला नाही, बर्फ बघितला नाही, दुखरे गुडघे बघितले नाहीत. त्यांची स्पेनमधली मुलगी फोनवर मलाच झापायची, "पेन्का, बाबांना घरात बसव." जसं काही मी त्यांना दोरी बांधून फिरवत होते!

खरं तर हा माणूस आयुष्यभर रुळावर चाललेला. ट्राम चालवायचे. ठरलेला रस्ता, ठरलेले थांबे. निवृत्त झाल्यावरही पाव आणायला जाताना पलीकडच्या फूटपाथवरून कधी गेले नाहीत. त्यांच्या पायाला म्हातारपणी भिंगरी लागावी, हे मला बघवत नव्हतं.

कारण मला ठाऊक होतं. रुस्काकाकूचं माहेर इथलंच, शहराच्या अगदी मध्यातलं. वडिलांचं नाव असेन, ते खोगिरं शिवायचे. युद्धात बॉम्ब पडायला लागले तेव्हा काकू सहा वर्षांची, आईबरोबर गावी होती. वडील दुकान राखायला थांबले आणि घरासकट गेले. आमच्याकडे माणूस गेलं की फोटो आणि नाव छापलेला कागद त्याच्या दारावर लागतो. चाळिसाव्या दिवशी नवा, वर्षाला नवा. असेनचा कागद काही लागला नाही, कारण लावायला दारच नव्हतं. ही गोष्ट काकूच्या मनातून कधी गेली नाही. पुढे तिथे मोठमोठ्या सरकारी इमारती झाल्या, मग मेट्रोसाठी खणलं तेव्हा खालून रोमन लोकांचे रस्ते निघाले. काकू नवऱ्याला टोमणे मारायची, "रोज माझ्या उंबऱ्यावरून ट्राम नेतोस आणि घंटा वाजवायची अक्कल नाही तुला." जाताना तिने एकच मागितलं. "माझा आणि बाबांचा कागद आमच्या त्या दारावर लाव."

आता नसलेलं दार शोधायचं कुठे? काकूने दोनच खुणा सांगितल्या होत्या. दारात उभं राहिलं की उजव्या हाताला साध्वी पेत्काचं बसकं चर्च, आणि समोर दोन धुराड्यांच्या मधोमध मशिदीचा मिनार. धुराडी गेली. चर्च आणि मिनार राहिले. त्या दोघांच्या मध्ये मानोलकाका वर्षभर एक डोळा मिटून मागेपुढे होत राहिले. लोकांना वाटायचं, म्हातारा फोटो काढायला जागा शोधतोय आणि कॅमेरा घरी विसरलाय.

आमच्या इमारतीच्या मोठ्या दारावर काकूचा कागद मीच लावला होता. चौथ्या मजल्यावर त्यांच्या स्वतःच्या दारावर मात्र नव्हता. मी विचारलं तर म्हणाले, "डिंक संपला." चाळिसाव्यालाही डिंक संपला होता.

वर्षश्राद्धाच्या सकाळी तपकिरी बूट खिडकीशी थांबले. वाकायला त्यांना बराच वेळ लागला.

"पेन्के, सापडलं."

"काय सापडलं?"

"दार. मिनार बरोबर बसतो आणि चर्चही बसतं. फक्त ते खाली आहे."

"खाली म्हणजे?"

"खाली म्हणजे खाली! रोमन लोकांत!"

गेल्याच आठवड्यात ते पिवळ्या फरसबंदीवर घसरून पडले होते. मी गल्ला बंद केला, खिडकीला पाटी लावली आणि निघाले. त्यांच्या काखेत कागदांची फाइल, एका हातात डिंकाची बरणी आणि ब्रश. दुसऱ्या हातातला, गेलेल्याच्या नावाने वाटायच्या साखर घातलेल्या उकडलेल्या गव्हांचा डबा मी ओढून घेतला.

त्यांचा वेग बघून मला धाप लागली. सिनेगॉगच्या मागून निघालो, मंडईला वळसा घातला, मशिदीशी थांबून त्यांनी मिनाराकडे पाहिलं. जुन्या हमामाशेजारी गरम पाण्याच्या नळांवर बायका कॅन भरत होत्या. त्यातली एक ओरडली, "काय हो मानोल, आज सापडणार का सासुरवाडी?"

"आज सापडणार!" ते न थांबता म्हणाले.

"मागच्या मंगळवारीही हेच म्हणाला होतात!"

"मागच्या मंगळवारी धुकं होतं!"

"अहो, दोन घोट पाणी तरी प्या," मी म्हणाले. त्यांनी ऐकलंच नाही. नाही सापडलं तर हा माणूस असाच चालत चालत एक दिवस ट्रामखाली येईल, असं मला वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांचा रागही येत होता.

पायऱ्या उतरून खाली, उघड्या ठेवलेल्या खोदकामात गेलो. डोक्यावर गाड्यांची घरघर, खाली विटांच्या भिंती आणि झिजलेल्या दगडांचा रस्ता. काका दोरीखालून वाकून सरळ आत शिरले, चार पावलं मागे आले, एक डावीकडे सरकले आणि थांबले.

"इथे," ते म्हणाले.

समोर कमरेएवढी रोमन भिंत. त्यांनी बरणीचं झाकण उघडलं आणि शिट्टी वाजली. निळ्या कोटातली एक दणकट पहारेकरीण धावत आली.

"आजोबा! हात लावायचा नाही! दोन हजार वर्षांचे दगड आहेत ते!"

"मला दगडांशी काय करायचंय? मला दार हवंय."

"दार? इथे रोमन लोकांचं दार उरलं नाही, तुमचं कुठून येणार?"

"तेच म्हणतोय मी वर्षभर!" काका ओरडले. "दोन हजार वर्षांपूर्वीच्या चपला कुठून चालल्या ते तुम्ही जपून ठेवलंत. माझ्या सासऱ्याचं दार परवा-परवा होतं इथे, त्याचा एक खिळा नाही!"

तिने फोन हातात घेतला. आता पोलीस येणार हे मला कळलं. भांडायला माझी जीभ शिवशिवत होती, पण मी डबा उघडला, चमचा गव्हात खोचला आणि तिच्यापुढे धरला.

"वर्ष झालं आज. घे."

मेलेल्या माणसाच्या गव्हांना कोण नाही म्हणणार? तिने फोन खिशात टाकला, छातीवर क्रूस काढला, चमचाभर खाल्ले आणि म्हणाली, "गेलेल्याला देव क्षमा करो. कोण होतं?"

"बायको," काका म्हणाले. "आणि तिचे वडील. त्यांना ऐंशी वर्षं झाली."

त्यांनी कागद दाखवला. एका चौकटीत काकू, पांढरी कॉलर, चेहरा रागीट. दुसऱ्या चौकटीत फोटो नाही, नुसता क्रूस. असेन, खोगिरं शिवणारा, याच घरातला. पहारेकरीण बराच वेळ वाचत राहिली. गहू चावत राहिली.

"भिंतीवर नाही लावू देणार," ती शेवटी म्हणाली. "माझी नोकरी जाईल." मग तिने भिंतीपलीकडे दोन पावलांवर असलेल्या पत्र्याच्या चौकीकडे मान वळवली. "इथे दार एकच आहे. माझं. आतून लावा, म्हणजे साहेबांना दिसणार नाही."

काकांनी एक डोळा मिटला. चौकीच्या दिशेने अंदाज घेतला. "दोन पावलं चुकतंय."

"काका!" मी म्हणाले.

"बरं, बरं. तिच्या बापाचं घर तरी कुठे सरळ रेषेत होतं."

त्यांनी कागद लावला, तळव्याने गुळगुळीत केला आणि बोटाने दाराच्या पत्र्यावर टकटक केली. टण्‌, टण्‌. ट्रामची घंटा. मला रडू आलं. मी नाक शिंकरलं आणि डिंकाच्या वासाला दोष दिला.

मला वाटलं, झालं, आता हा माणूस शांत होईल. कसलं काय! वर आल्यावर तर त्यांची तगमग वाढलीच.

"जरा मंडईतून जाऊ."

"कशाला?"

"मग पाणी भरू."

"कॅन कुठाय?"

"चर्चला एक फेरी मारू, पेन्के. एकच."

माझी नजर त्यांच्या काखेतल्या फाइलवर गेली. "काका, एक कागद उरलाय."

"डिंक संपला."

मी बरणी त्यांच्या हातातून घेतली आणि उन्हात धरली. अर्धी भरलेली होती. ते रस्त्याकडे बघत राहिले. एक ट्राम गेली, तिच्या मागून दुसरी.

"त्या दारावर लागला की मग आत कोण राहतं?" ते म्हणाले.

"तुम्ही."

"मी कुठे राहतो? मी वर्षभर बाहेरच आहे. आत गेलं की वाटतं, ती दुकानात गेलीय, तुझ्याशी गप्पा मारत बसलीय. कागद लागला की संपलं."

मी त्यांचा दंड धरला आणि आम्ही घरी आलो. चार मजले चढायला त्या दिवशी फार वेळ लागला. मजल्यावर पोहोचल्यावर त्यांनी कुलूप काढलं, कागद माझ्या हातात दिला आणि आत पाऊल टाकलं.

"मी दार लावून घेतो. मग लाव तू."

दार बंद झालं. मी डिंक फासला, कागद चिकटवला, वरून हात फिरवला. ते आतून दाराला टेकून उभे आहेत हे मला कळत होतं.

"पेन्के, सरळ लागला का?"

"लागला."

"तिला वाकडं चालायचं नाही."

"सरळ आहे, काका. उघडून बघा ना."

मग साखळी वाजली. ते बाहेर आले, मान तिरकी करून त्यांनी काकूकडे पाहिलं.

"डावीकडे उतरलाय," ते म्हणाले. कोपरा सोडवून त्यांनी तो वर घेतला, पुन्हा दाबला, आणि कपाळ त्या कागदावर टेकून मोठ्याने रडले. वर्षभरात पहिल्यांदा. मी जिन्यात उभी राहिले, हातात गव्हांचा डबा धरून.

रडून झाल्यावर ते पायरीवर बसले, वाकले आणि नाड्या सोडायला लागले. तपकिरी बूट त्यांनी काकूच्या सपातांशेजारी, भिंतीला लावून ठेवले. मग मोज्यांवर आत गेले.