या घरापुरती बरोबरी

मिस्त्रीचा उभा जन्म टेबलाचे चार पाय सारखे करण्यात गेला. कारखान्यात लाकूड कातताना भुशाने मिशा पिवळ्या व्हायच्या आणि मन कुठेतरी तरंगत राहायचं. सारख्या गोष्टी सारख्या करणं त्याला झोपेतही जमलं असतं. मुळातच वेगळ्या असलेल्या दोन गोष्टी बरोबरीच्या कशा करायच्या, हे कोडं मात्र त्याच्या मानगुटीवर बसलं होतं.

त्यातूनच हा खेळ निघाला. फळीवर भोकं, भोकांत खुंट्या. एका बाजूला एकच जाड खुंटी, तो एकटा. समोर नऊ बारक्या, तो घोळका. एकटा एका वेळी दोन भोकं चालणार, घोळक्यातली खुंटी एकच. एकट्याने पलीकडची कड गाठली की तो जिंकला, घोळक्याने त्याला कोंडलं की घोळका.

थोरली बहीण आक्का शिवणकाम करायची. सहा वर्षं रोज संध्याकाळी दोघं खेळायला बसत. घोळका जिंकत सुटला की मिस्त्री एकट्याच्या वाटेवर नवं भोक पाडायचा. एकटा जिंकत सुटला की एखादं बुजवायचा. कारखान्यातून घरी येताना चौकातली माणसं त्याला खुंट्यांसारखी दिसत. सगळी हळूहळू सरकत, आणि मधून कुणीतरी एकटा दोन-दोन पावलं टाकत निसटून जाई. त्या नादात घराची गल्ली मागे राहायची.

अखेर गेल्या पन्नास डावांत पंचवीस-पंचवीस झाले. शाळेतल्या बाईंना कळलं, त्या रविवारी बघायला आल्या. वर्गांसाठी चाळीस फळ्या हव्या होत्या. "अट एकच," त्या म्हणाल्या. "दोन्ही बाजूंना सारखी संधी हवी. नाहीतर पोरं बाजूवरूनच भांडतील."

"पंचवीस-पंचवीस," मिस्त्री म्हणाला. हा आकडा तो आठवडाभर जिभेवर घोळवत होता.

बाई खिडकीजवळ बसल्या आणि त्यांनी एकटा घेतला. मिस्त्रीने घोळका घेतला. बाईंचा हा पहिलाच डाव, तरी सात चालींत त्या पलीकडे. मग बाईंनी घोळका घेतला, आक्काने एकटा, आक्का पलीकडे. पाच डाव झाले, पाचही एकट्याचे.

"मिस्त्री, हे काही जमलेलं दिसत नाही," बाई हळूच म्हणाल्या. "पुढच्या रविवारी पुन्हा येते."

त्या गेल्यावर मिस्त्री फळीकडे बघत बसला. फळी टेबलाला चार स्क्रूंनी घट्ट बसवलेली होती. हलणारं काम त्याला खपत नसे. फळी फिरत नव्हती, म्हणून एकटा कायम खिडकीकडे, मिस्त्रीपुढे. घोळका कायम शिलाई मशीनकडे, आक्कापुढे. सहा वर्षांत दोघांनी खुर्च्या बदलल्या नव्हत्या.

"अरे, म्हणजे ही सगळी भोकं तू माझ्यापासून पळायला पाडलीस," आक्का म्हणाली.

"तुझा घोळका भारी आहे, आक्का. एक खुंटी पुढे काढशील तर शपथ."

"झालरीला चुण्या घालते मी रोज. एक चुणी पुढे पळाली की सगळी झालर वाकडी." ती हसली. "आणि तू हरलास की लगेच ड्रिल काढायचास. लहानपणीही असाच रडका होतास."

त्या आठवड्यात मिस्त्रीने जुनीसारखीच नवी फळी केली, स्क्रूंशिवाय. दर डावाला खुर्च्या बदलायच्या, असं ठरलं. शेजारचा टपालवाला आणि त्याची बायकोही खेळून गेली. मिस्त्री एक-एक भोक बुजवत गेला. पाच भोकं बुजली तेव्हा कुठे कोण कुठल्या खुर्चीत बसलंय, याने फरक पडेनासा झाला. रविवारी बाई दोन्ही बाजूंनी खेळल्या, एकदा जिंकल्या, एकदा हरल्या, आणि चाळीस फळ्या सांगून गेल्या.

संध्याकाळी मिस्त्रीने ती नवी फळी मांडली. एकटा घेऊन तो आक्कासमोर तीन डाव खेळला. तिन्ही वेळा तो असा हळुवार कोंडला गेला की कुठे अडकला तेच कळेना. त्याला गंमत वाटली, आणि जरा डोळाही लागल्यासारखं झालं. नऊ चुण्या चारी बाजूंनी जवळ येताहेत आणि मध्ये तो, उबदार.

"ऊठ," आक्का म्हणाली. तिने नवी फळी भिंतीला टेकवली आणि टेबलावरच्या जुन्या फळीवर खुंट्या लावायला घेतल्या. "तुझ्या जागेवर बस. इथे तुझी पाच भोकं अजून उघडी आहेत."