प्रस्तावातलं तिसरं नाव

मला कसं फसवलं गेलं, ही गोष्ट मी पुष्कळ जणांना सांगितली आहे. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये, भावाला, लग्नाकार्यात भेटलेल्या मैत्रिणींना. ऐकणारे हळहळतात. पण त्या गोष्टीचा एक भाग मी नेहमी वगळते. तो आजवर कुणाच्याच कानावर गेलेला नाही — नवऱ्याच्याही नाही. तुम्हाला सांगते.

मी वणीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. काही वर्षांपूर्वी पुण्याच्या एका प्राध्यापकांशी ओळख झाली. त्यांना मी नुसतं सर म्हणेन. गाण्याची चाल कॉम्प्युटरला कशी ओळखता येईल, यावर त्यांचं संशोधन. त्यांना बायकांची सामूहिक गाणी हवी होती. मी म्हटलं, वणीजवळच राजूरला आहेत.

राजूरच्या विहारात गाणाऱ्या बायकांमध्ये वंदनाताई पुढे असायच्या. वडील कोळसा खाणीत होते, त्या स्वतः अंगणवाडीत. बारावी शिकलेल्या. मी गाणी रेकॉर्ड करायची, आणि लॅपटॉपवरचा प्रोग्राम त्यांच्या ओळी पाडायचा — जिथे पुढे गाणाऱ्या बाईचा आवाज थांबला तिथे ओळ संपली, असा त्याचा हिशोब. एकदा वंदनाताईंनी ऐकता ऐकता हेडफोन काढून ठेवला.

"मॅडम, हे चुकून राह्यलं. बाईनं इथं दम घेतला, पण गाणं कुठी थांबलं? मागच्या बायाईनं झील धरली हाय ना."

झील म्हणजे मागच्यांनी उचलून धरलेली ओळ. प्रोग्रामला ते निराळंच गाणं वाटत होतं. त्यानंतर दीड वर्ष, दर रविवारी, वंदनाताई माझ्याशेजारी बसून खुणा सांगत गेल्या. दम कुठे, झील कुठे, कुणाचा आवाज कुणात मिसळला. त्यातून गाणी तपासायची एक पद्धतच तयार झाली. कुणाची होती ती? मी बटणं दाबत होते. हे मला तेव्हाही कळत होतं.

सर खूश झाले. म्हणाले, परदेशातल्या परिषदेत यावर तीन तासांचं ट्यूटोरियल घेऊ, प्रस्ताव पाठवू. प्रस्तावात शिकवणाऱ्यांची नावं, त्यांची ओळख, कोण काय किती वेळ शिकवणार, सगळं लिहावं लागतं.

वंदनाताईंना तुम्हीही शिकवायला चला म्हटलं, तर त्या आधी हसल्याच. "मले इंग्रजी कुठी येते?" तुम्ही मराठीत बोला, मी इंग्रजीत सांगेन, असं मी म्हटलं. पुढच्या रविवारी त्या वही घेऊन आल्या. लोकांना आधी कोणतं गाणं ऐकवायचं, मग काय विचारायचं, सगळं लिहिलेलं. पासपोर्टसाठी कागदही जमवायला लागल्या होत्या.

प्रस्ताव गेला. मंजूर झाला. त्यात वंदनाताईंचं नाव नव्हतं.

सरांनी काढलं, डिग्री नाही म्हणून — असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी वही मिटून पिशवीत ठेवली. मग म्हणाल्या, "तुमचं हाय ना नाव? मंग झालं."

दोन महिन्यांनी सरांचा मेल आला. परिषदेनं वेळ निम्मा केला, ते एकटेच घेतील. माझं नाव शेवटी, आभारात. मी राजूरला जाऊन वंदनाताईंसमोर रडले. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "आपल्या दोघीईले दगा देला त्यानं," म्हणाल्या. मी मान हलवली.

सरांनी मला फसवलं, हे खरंच आहे. पण त्यांच्या पहिल्या मसुद्यात तीन नावं होती. तिसरं वंदनाताईंचं — सरांनी स्वतःहून घातलेलं. सोबत लिहिलं होतं, त्यांच्या ओळखीच्या दोन ओळी पाठवा, शेवटचा तास त्यांनाच देऊ. मी उत्तर लिहिलं: त्यांच्या घरी अडचण आहे, त्यांना यायचं नाही, नाव घालू नका. मधल्या सुट्टीत, डबा खाता खाता लिहिलं. पाच मिनिटंही लागली नाहीत.

का? त्या तिथे बोलायला उभ्या राहिल्या असत्या, तर मी कोण, हे सगळ्यांना लगेच कळलं असतं. दुभाषी. आणि आमच्या घरात तीन पिढ्या ऑफिसात गेल्या. खाणीच्या वस्तीतली, बारावी झालेली बाई माझ्याहून हुशार आहे, हे चारचौघांत दिसावं, ते मला सोसलं नसतं. एवढंच कारण. दुसरं शोधून पाहिलं, सापडलं नाही.

वंदनाताई आता रेकॉर्डिंगला बसत नाहीत. गेल्या महिन्यात नागपूरहून एक संशोधक बाई आली, मीच तिला राजूरला घेऊन गेले. वंदनाताईंनी चहा दिला, गायला मात्र नाही म्हणाल्या.

"ह्या मॅडमले इचारा ना, काय झालं तं. इतलं काम केलं यायनं, आन् त्या सरानं नाव काढून टाकलं."

ती बाई माझ्याकडे वळली. मी तिला सरांबद्दल सांगितलं, बराच वेळ. वंदनाताई शेजारी बसून मान डोलवत होत्या.