गौरी गेल्यावर सांगू

लंडनला ईलिंगमध्ये भाड्याच्या दोन खोल्यांत संसार मांडला, तेव्हापासून एजवेअरच्या घरात सुनेच्या हाती किल्ल्या देईपर्यंत वैजयंतीबाईंनी कुणाविरुद्ध तक्रारीचं अक्षर लिहिलं नव्हतं. यजमान माधवराव डॉक्टर होते तेव्हा हॉस्पिटल म्हणजे घरचंच. आता तेही नाहीत, आणि बाईंच्या नजरेच्या ऐन मधोमध एक डाग येऊन बसला आहे. कडेकडेचं दिसतं, समोरचं नाही. "देवाचा मुकुट दिसतो, पण मुखच दिसत नाही," असं म्हणत त्या हात जोडतात.

पण बाई हट्टी. सत्तरीत त्या बोलणारा फोन शिकल्या. ईमेल आला की तो वाचून दाखवतो, सकाळी हरिपाठही ऐकवतो. हॉस्पिटलला त्यांनी तीनदा कळवलं, की मला कागद नको, ईमेल करा. तिन्ही वेळा बारीक अक्षरातला कागदच आला.

चौथा कागद आला तो नेमका गौरी घरात आल्या त्या दिवशी. सून सीमा हिनं पाकीट फोडलं.

"कसलं गं पत्र?"

"काही विशेष नाही, आई."

विशेष होतं. मानेतल्या गाठीचा स्कॅन शंकास्पद आला होता. सीमानं पहिलं पान वाचलं आणि पुढचं उलटलंच नाही. सणाचं घर, सासू नैवेद्याच्या तयारीत. आत्ता काय सांगायचं? गौरी गेल्यावर सांगू, असं म्हणून तिनं पाकीट देवघराच्या खणात सारलं. पुढच्या तपासणीची तारीख दुसऱ्या पानावर होती, आणि ती पूजनाच्याच दिवसाची होती.

गौरी गेल्यावर सीमानं पत्र काढून सांगितलं, तोवर हॉस्पिटलनं 'पेशंट आली नाही' अशी नोंद करून यादीतून नाव कमी केलं होतं. पुन्हा नंबर लागायला चार महिने गेले. गाठ साधी निघाली, ही देवाची कृपा. पण ते चार महिने कुणाच्या घशाखाली नीट घास उतरला नाही.

मग कायदा-सल्ला केंद्रातली तनया आली. इथंच जन्मलेली, इथंच वकील झालेली पोर. दिसत नाही त्याला वाचता येईल अशा रूपात पत्र देणं हॉस्पिटलला कायद्यानं भाग आहे, म्हणाली. दावा दाखल झाला. शुक्रवारपर्यंत बाईंची जबानी द्यायची होती. बाईंनी फोनला सांगून सांगून ती लिहिली आणि पहिलंच वाक्य घातलं: माझी सून हेच माझे डोळे.

तनयानं कपाळावर हात मारला. "आजी, हा वाक्य आपल्याला बुडवेल! हॉस्पिटलवाले तेच म्हणतात ना, घरात वाचायला माणसं आहेत, मग ईमेल कशाला?"

"अगं, पण ते खरं आहे."

"मग लेटर कुठे गेला होता, ते पण खरं सांगा."

बाईंपुढे पेच पडला. सुनेचं नाव कोर्टाच्या कागदावर? लोक काय म्हणतील, आणि वर माधवराव काय म्हणतील? न सांगावं तर दावा पडेल, आणि पुढचं पत्रही कुणाच्या तरी खणात जाईल. त्यांनी अडखळत काय झालं ते सांगितलं.

गुरुवारी दुपारी तनयानं पक्की केलेली जबानी ईमेलनं आली. बाईंनी देवापुढे बसून कानात इयरफोन घातला. फोन निर्विकार आवाजात इंग्रजीत वाचत होता: माझ्या सुनेनं पत्र माझ्यापासून लपवून ठेवलं.

"काय लिहिलंय, आई?" सीमा स्वयंपाकघरातून आली.

"काही विशेष नाही."

बाई बोलून गेल्या, आणि मग त्यांना आठवलं. हेच शब्द, हेच देवघर. त्या दिवशी सीमाला असंच वाटलं असेल का? मग हिला दोष कसा द्यायचा? आणि न द्यायचा तर आपण काय म्हणून भांडतोय? काहीच उमजेना. त्यांनी इयरफोन काढला. "ये, बस. तूच ऐक."

सीमानं शेवटपर्यंत ऐकलं. डोळे पुसले. "लपवलंच मी. पण गौरी गेल्यावर सांगणार होते, हे कुठाय त्यात?"

बाईंनी लगेच तनयाला स्पीकरवर फोन लावला. "तेवढं एक वाक्य घाल, बाळा."

"आजी, जजला गौरी कसा एक्सप्लेन करू?"

"लिही, माहेरवाशीण आली होती घरी. तीन दिवस."

"आई, जजसाहेब तिलाही साक्षीला बोलावतील हं!" सीमा रडता रडता हसली.

"मग 'लपवलं' काढू का?" तनयानं विचारलं.

"नको. ते खरंच आहे. आणि गौरीचंही खरंच आहे."

"मग चूक कोणाचा, आजी?"

वैजयंतीबाईंनी देवाकडे पाहिलं. मुकुट तेवढा दिसला.

"मला नाही गं कळत," त्या म्हणाल्या. "दोन्ही लिही आणि पाठव. फक्त निकाल येईल तो फोनला वाचता येईल असा पाठवा म्हणावं. आधी मी ऐकेन, मग हिला सांगेन."