परवान्यातला सहावा नियम

परदेशातल्या ब्रॉसार्ड गावच्या मराठी मंडळींत देवदत्तला सोन्याचा नाद आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या नादातून आलेलं सोनं मात्र फार थोड्यांनी पाहिलं होतं, कारण ते दिसायला चष्मा लागतो. त्याच्या दिवाणखान्यात गणपतीशेजारी बोटभर काचेची कुपी आहे. तिच्यात पाणी आणि तळाशी सात कण. आठ उन्हाळ्यांची कमाई! त्यापायी गराज भरलं होतं: खाचा पाडलेल्या हिरव्या प्लास्टिकच्या पराती, पाण्यात लावायची पन्हाळी, कण ओढून घ्यायची पिचकारी, मांडीपर्यंतचे रबरी बूट, आणि हेडफोनसकट एक मेटल डिटेक्टर, जो आजवर फक्त बिअरच्या झाकणांवर जीव तोडून ओरडला होता. गाडी बिचारी बाहेर बर्फात.

शिवाजी हा देवदत्तचा ऑफिसातला मित्र. नागपूरचा, शांत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. घरच्यांबद्दल कुणी विचारलं की ‘आमचं इतवारीत, सराफ्यात होतं’ असं म्हणायचा आणि विषय बदलायचा. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे गादी, तिजोरी, काचेचं कपाट उभं राहायचं आणि शिवाजी ते तसंच उभं राहू द्यायचा. तो खोटं बोलला असं कुणाला म्हणता आलं नसतं. त्याचे आईबाप सराफ्यातच होते, फक्त दुकानांच्या बाहेर. पहाटे गल्ली झाडायची, सोनारांच्या दारासमोरच्या गटारातला गाळ उपसायचा, घरी आणून धुवायचा आणि कानशीखालून उडालेलं, झाडूत गेलेलं, चुकून सांडलेलं सोनं त्यातून काढायचं. अशा लोकांना झारेकरी म्हणतात. त्या गाळातूनच शिवाजी इंजिनिअर झाला होता. हे बायकोला, सीमाला, त्यानं लग्नाआधीच सांगितलं होतं आणि तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. वाटायचं ते त्यालाच.

दोन वर्षांपूर्वी ताराबाई, म्हणजे शिवाजीची आई, सुपर व्हिसावर, म्हणजे आईबापांना वर्षानुवर्षं राहू देणाऱ्या व्हिसावर, त्याच्याकडे राहायला आली. सत्तरी ओलांडलेली, किरकोळ, आणि हातांना सतत कंप. चहा अर्धा कप द्यावा लागे, तरी बशीत सांडे. देवाची वात तिला वळता येईना, म्हणून सकाळी ऑफिसच्या घाईत शिवाजी वाती वळून ठेवायचा. मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं, तेव्हा फॉर्मवर ‘व्यवसाय’ अशी एक ओळ होती. शिवाजीनं तिथं ‘होममेकर’ लिहिलं. कारखान्यात, रसायनांत कधी काम केलंय का, असं बाईंनी तोंडी विचारलं, तेव्हा आईला न विचारताच ‘नाही’ म्हणाला. बाईंनी पार्किन्सन्सची औषधं सुरू केली. वर्षात तीनदा डोस वाढला. आईला मळमळ होई, दिवसा झोप येई, हात मात्र होता तसाच. तो हात थांबावा, तिला आपल्या हातानं भरलेला कप पिता यावा, याहून शिवाजीला दुसरं काही नको होतं.

जुलैतल्या एका शनिवारी देवदत्तनं सगळ्यांना बोस नावाच्या भागात, नदीवर सोनं धुवायला न्यायचं ठरवलं. अडीच-तीन तासांची वाट. शिवाजीला जायचं नव्हतं. पण त्याच्या अकरा वर्षांच्या लेकीनं, केयानं, घर डोक्यावर घेतलं आणि ‘सोनं धुवाले’ हे शब्द कानावर पडताच ताराबाई पायांत चपला घालून दारात उभी राहिली.

नदीकाठी देवदत्तनं सोनं धुणाऱ्या हौशी लोकांच्या क्लबकडून घेतलेला दिवसाचा परवाना प्लास्टिकच्या पाकिटातून बाहेर काढला. हा माणूस नियमांचा इतका पक्का की जमीनमालकाची लेखी परवानगी आली नव्हती म्हणून डिटेक्टर अडीचशे किलोमीटर हिंडवून डिकीतच ठेवला होता.

‘‘सगळ्यांनी ऐका,’’ तो म्हणाला. ‘‘नंतर मला फाइन नको. फक्त परात आणि हातफावडं अलाउड आहे. मोटर, पंप चालणार नाही. खड्डा केला तर बुजवायचा. काठ खणायचा नाही. पाटीच्या पलीकडे दुसऱ्याचा क्लेम आहे, तिकडे जायचं नाही.’’

ताराबाईचं तिकडे लक्ष नव्हतं. ती पाण्याकडे पाहत होती. देवदत्तनं फावडं मारलेली जागा पाहून तिनं मान हलवली.

‘‘तिथं काई नाई. तो दगड पाह्य, त्याच्या मागं पाणी दमते. तिथली भेग कोर.’’

केयानं चमच्यानं भेग कोरली, शेवाळ खरवडलं, परात भरली. ताराबाई दगडावर बसली, परात पाण्यात धरली आणि फिरवू लागली. जो हात कप धरू शकत नव्हता तो परातीवर मात्र शोभत होता. गाळ काठावरून निघून जात होता, वाळू काळी होत होती.

‘‘आजींच्या हातात मोटर आहे,’’ देवदत्त हसत म्हणाला. ‘‘परवान्यात बसत नाही हं!’’

सगळे हसले, ताराबाईसुद्धा. शिवाजीला त्या विनोदाचा राग आला आणि आपण काही बोलत नाही याचा त्याहून जास्त. काळ्या वाळूच्या कडेला पिवळी रेघ उमटली. तब्बल अकरा कण. देवदत्तचं तोंड उघडंच राहिलं.

‘‘आजी, दॅट्स सो कूल!’’ केया ओरडली.

‘‘आता पारा दे,’’ ताराबाई देवदत्तला म्हणाली.

‘‘पारा? नाही हो आजी, तोच तर सहावा नियम.’’ त्यानं कागदावर बोट ठेवलं. ‘‘पारा वापरायला सक्त मनाई. विषारी असतो तो.’’

‘‘विषारी?’’ ताराबाईला गंमत वाटली. ‘‘पाऱ्याबिगर बारीक सोनं धरते कायनं? आमी तं रोज तळव्यावर चोळत होतो. मंग फडक्यातून पिळायचं, गोळी शेगडीवर ठेवायची. पारा उडून जाते, सोनं राह्यते.’’

‘‘कुठे? शेगडी कुठे ठेवायचात?’’

‘‘घरात. दार लावून. सोन्याचं काम उघड्यावर करते का कोणी? सराफ्यातला गाळ धुवाचो आमी. हा सांगत नाई का?’’

शिवाजी तोंड धुवायला पाण्याशी गेला. इतकी वर्षं सांभाळलेली गोष्ट फुटली होती, पण त्याच्या मनात ते आलंच नाही. त्याला फॉर्मवरची ओळ दिसत होती. त्याच्या मागोमाग येऊन केया विचारत होती, ‘‘बाबा, व्हॉट इज पारा?’’

‘‘मर्क्युरी,’’ तो म्हणाला.

सोमवारी त्यानं क्लिनिकला फोन करून पाऱ्याचं सांगितलं. तीन आठवड्यांनी नंबर लागला. रक्त, लघवी, सगळं तपासून झालं. आता डॉक्टरीणबाई समोर बसल्या होत्या, पन्नाशीच्या, फ्रेंच वळणाचं हळू इंग्रजी बोलणाऱ्या. शिवाजीनं लाजत, अडखळत सगळं सांगितलं: गाळ, पारा, शेगडी, बंद खोली, बाप दहा वर्षांपूर्वी गेला तोवर रोज. बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. त्यांनी एवढंच सांगितलं की काम सुटून इतकी वर्षं झाल्यावर तपासणीत पारा सापडत नाही, सापडलाही नाही. हा कंप त्याचा असू शकतो. सिद्ध करता येणार नाही. पार्किन्सन्सची औषधं हळूहळू बंद करू. त्यांच्या जागी देण्यासारखं काही नाही. झालेलं नुकसान भरून निघत नाही.

‘‘एक वर्ष आधी सांगितलं असतं तर?’’ शिवाजीनं विचारलं.

मळमळीचं एक वर्ष वाचलं असतं, बाई म्हणाल्या. हात होता तसाच राहिला असता.

‘‘काय म्हणते?’’ ताराबाईनं विचारलं.

‘‘गोळ्या बंद करू म्हणते.’’

‘‘बरं झालं माय,’’ ती म्हणाली आणि बाईंकडे पाहून तिनं हात जोडले. जोडलेले हातही हलत होते.

बाई काँप्युटरवर लिहू लागल्या. त्या खोलीत आणखी कोण राहायचं? लहान मुलं होती का? शिवाजी म्हणाला, मी होतो. पण मी बाहेर, ओट्यावर बसून अभ्यास करायचो. अभ्यास बुडेल म्हणून आई आत बसूच द्यायची नाही. आणि एक बहीण होती, प्रभा. मी सहा वर्षांचा असताना झाली, सव्वा वर्षाची होऊन गेली.

कशानं गेली, हे त्याला माहीत नव्हतं. त्यानं आईला विचारलं.

प्रभाचं नाव निघताच ताराबाईचा चेहरा उजळला. या देशात तिच्या प्रभाबद्दल कुणी पहिल्यांदाच विचारत होतं.

‘‘सांग तिले,’’ ती खुर्चीत पुढे सरकून म्हणाली, ‘‘सांग, माझी प्रभा अशी होती की लोक पाहाले येत. सहा महिन्यांची झाली आन् तिचे तळहात, तळपाय गुलाबी झाले. गुलाबी म्हणजे आपल्या देव्हाऱ्यातल्या कमळावानी. तुयी आजी म्हणे, लक्ष्मीची पावलं घेऊन आली, सोन्याच्या घरात आली. सारखी मांडीवर असे माझ्या. मी गोळी तापवत होतो आन् ते मांडीवर. खाली ठेवलं का रडे. लई घाम येत जाय तिले. मंग सालं निघाली हातापायाची, बसणं सुटलं. नजर लागली. लोक पाहाले येत ना.’’

शिवाजीनं ते सांगितलं. जेवढं जमलं तेवढं. गुलाबी तळवे, घाम, रडणं, सोललेली कातडी. सांगता सांगता त्याच्या लक्षात आलं की बाईंची बोटं थांबली आहेत.

बाईंनी काँप्युटर बाजूला सारला. त्या खालच्या आवाजात, शिवाजीकडे पाहत बोलू लागल्या. तान्ह्या मुलांना पाऱ्याची वाफ लागली की हेच होतं. तळवे गुलाबी होतात. याला जुनं नावच आहे, गुलाबी आजार. आता कुठे दिसत नाही. तेव्हा कुणी ओळखून मुलीला त्या खोलीबाहेर काढलं असतं तर ती बहुधा वाचली असती. आईचा यात काही दोष नाही, तिला ठाऊक असणं शक्यच नव्हतं. हे तुम्ही त्यांना नीट सांगा, बाई म्हणाल्या. एवढी वर्षं नजरेवर ढकललंय, त्यांना खरं कळायला हवं, तो त्यांचा हक्क आहे.

हक्क आहे हे शिवाजीला कळत होतं. तिच्या वतीनं एकदा ‘नाही’ म्हणून त्यानं काय केलं होतं, तेही कळत होतं. त्यानं आईकडे वळून तोंड उघडलं. ती त्याच्याकडे आतुरतेनं पाहत होती, आपल्या लेकीचं कौतुक झालं असणार अशा नजरेनं. त्याला ओट्यावरचा आपला कंदील आठवला, आतून लावलेलं दार आठवलं, दारापलीकडे रडणारी प्रभा आठवली. मला बाहेर बसवलं. तिला मांडीवर घेतलं. हे वाक्य कोणत्या भाषेत सांगायचं?

‘‘काय म्हणते रे?’’

‘‘म्हणते, पोरगी फार सुंदर असेल.’’

‘‘होतीच!’’ ताराबाई म्हणाली आणि समाधानानं हसली.

बाईंना वाटलं, सांगून झालं. त्या उठल्या, टेबलाला वळसा घालून आल्या, गुडघ्यावर बसल्या आणि ताराबाईचे दोन्ही थरथरते हात आपल्या हातांत धरून म्हणाल्या, ‘‘आय अ‍ॅम सो सॉरी, मादाम.’’ त्यांचे डोळे भरले होते. ताराबाई हसत होती, ते पाहून बाईंना तिच्या धीराचं नवल वाटलं असावं.

‘‘हे काहून रडून राह्यली?’’ ताराबाई गोंधळली. मग तिला आपल्या परीनं समजलं. ‘‘लेकरू गेल्याचं ऐकून बाईच्या जातीले वाईट वाटतेच. इचार तिले, तिले लेकरं हायेत का.’’

शिवाजीनं विचारलं. बाई म्हणाल्या, दोन मुली आहेत.

‘‘सांग तिले,’’ ताराबाई म्हणाली, ‘‘लहान हायेत तोवर घे म्हणा मांडीवर. खाली ठेवू नको म्हणा.’’

बाई त्याच्याकडे पाहत थांबल्या होत्या. शिवाजीनं तेवढं शब्दाला शब्द लावून सांगितलं.