खिडकीजवळचा बेड

"डोळ्याला केस चिकटवायचं काम." माझ्या कामाला आमच्या घरात असं म्हणतात. नवरा म्हणतो, सासूबाई म्हणतात, गडहिंग्लजहून अधूनमधून येणारे माझे वडीलही म्हणतात. सुरुवातीला मी सगळ्यांना समजावून सांगायची. मग सोडून दिलं. आता कुणी तसं म्हटलं की मी नुसती बघते, आणि माझं बघणं चांगलं नसतं असं नवऱ्याचं मत आहे.

नुसतं चिकटवायचं असतं, तर तीन दिवसांचा क्लास करून मी लगेच बेडवर बसले असते. क्लास झाला, प्रमाणपत्र मिळालं, फ्रेमसुद्धा केली, आणि चौथ्या दिवशी कळलं की मला काहीच येत नाही. काम ऐकायला सोपं आहे. बाई डोळे मिटून आडवी झोपते. तिच्या पापणीचा एक केस डाव्या हातातल्या सरळ चिमट्यानं शेजारच्या केसांपासून वेगळा करायचा आणि तसाच धरून ठेवायचा. उजव्या हातातल्या वाकड्या चिमट्यानं एक तयार केस उचलायचा, त्याचं बूड ग्लूच्या थेंबाला लावायचं आणि कातडीपासून थोडं अंतर सोडून त्या एकाच केसावर बसवायचं. दोन केस एकात एक चिकटले, तर ते वाढताना एकमेकांना ओढतात आणि बाईला दिवसभर पापणीत टोचत राहतं. मग दुसरा केस. मग तिसरा. दोन अडीच तास हेच.

मी शिकले ते पार्लर कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका गल्लीत, वरच्या मजल्यावर. मालकीणबाईंना सगळे मॅडम म्हणायचे. त्यांनी मला एक रबरी डमी दिली, नुसतं डोकं, आणि म्हणाल्या, "हिच्यावर हात बसव." पहिल्या दिवशी तासाभरात मी चार केस लावले. त्यातले तीन नंतर डमीच्या कपाळावर सापडले. मला त्या रबरी बाईचा इतका राग आला की मी तिला पालथी घालून ठेवली.

घरी सराव म्हणून मी चिमट्यानं तीळ उचलायची. एका ताटलीतून दुसऱ्या ताटलीत, एकेक दाणा. सासूबाई शेजारी बसून भाजी निवडत बघायच्या. एकदा म्हणाल्या, "तीळ झालं की तांदूळ बी दे हिला. बारीक खडं ऱ्हात्यात त्यात." नवरा हसला. मी त्या दिवशी जेवले नाही, आणि जेवले नाही हे कुणाच्या लक्षात आलं नाही, याचा वेगळा राग आला.

मॅडमचाही राग यायचाच. त्या कधी हात धरून शिकवायच्या नाहीत. मागून जाता जाता एक वाक्य टाकायच्या. "खांदा खाली घे." "करंगळी कपाळावर टेक, मग हात हलत नाही." "ग्लू वाळायच्या आत उचल, विचार करत बसू नको." आणि रोज, न चुकता, "हातमोजे घाल." हातमोजे मला सहन व्हायचे नाहीत. चिमटा निसटायचा, बोटांना केस कळायचा नाही. मॅडमची पाठ वळली की मी ते काढून ड्रॉवरमध्ये टाकायची. बोटांनी काम येतं, रबरानं नाही, असं मी बाकीच्या मुलींना ठसक्यात सांगायची. मॅडमची वाक्यं मात्र खरी निघायची. करंगळी टेकवली आणि थरथर खरोखरच थांबली. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

चौथ्या महिन्यापर्यंत मी मैत्रिणी, नणंद, खालच्या झेरॉक्सवाल्याची बायको अशा आठ-नऊ जणींच्या पापण्या केल्या होत्या. पार्लरमध्ये तीन बेड होते. दोन आतल्या खोलीत, ट्यूबलाइटखाली. तिसरा खिडकीजवळ. त्या बेडवरची मुलगी लग्न होऊन गेली आणि बेड रिकामा झाला. तो ज्या मुलीकडे असायचा तिला वॅक्सिंग नाही, कुणाचे पाय धुणं नाही, "ए, टॉवेल आण" नाही. तिची गिऱ्हाईकं तिचीच. मला तो बेड हवा होता. आयुष्यात दुसरं काही इतकं हवंसं वाटलेलं मला आठवत नाही.

मॅडम म्हणाल्या, "शनिवारी आजऱ्याची एक मुलगी येतेय. रविवारी साखरपुडा आहे तिचा. तू एकटीनं कर. स्वच्छ झालं तर खिडकी तुझी."

शुक्रवारी मला सुट्टी होती. दिवसभर डमीवर हात फिरवायचा असं ठरवलं होतं. पण नेमकी शुक्रवारीच आमच्याकडं वर्षाची कांदा-लसूण चटणी घालायची होती. मिरच्या कांडून आल्या होत्या. तळलेला कांदा, लसूण, खोबरं, सगळं परातीत पडलं होतं, आणि ते तेलाच्या हातानं एकजीव करायला घरात एकच सून. तीन तास मी कोपरापर्यंत त्या परातीत होते. सगळा राग त्या चटणीवर काढला. संध्याकाळी हात पेटले होते, रात्रीपर्यंत विझले. साबणानं चार वेळा धुतले, खोबरेल चोळलं. दरवर्षीचंच ते, त्यात नवीन काही नव्हतं.

शनिवारी सकाळी आजऱ्याची मुलगी पहिल्या एसटीनं आली. बोलकी होती, डोळे मिटले तरी तोंड मिटेना. "ताई, लई लांब नका करू हां. सासू म्हनंल, नवरी हाय का बाहुली." मी हसले. हात गार होते आणि स्थिर होते. डावा डोळा तासाभरात झाला, आणि इतका सुबक झाला की मला स्वतःचाच हेवा वाटला. एकही जोड चिकटलेली नाही. उजव्या डोळ्याचे निम्मे केस झाले, तेव्हा मुळं दिसावीत म्हणून मी बोटानं तिची पापणी थोडी वर उचलली.

"ताई, झोंबालंय."

"थोडं असतं. ग्लूचा वास असतो तो."

"न्हाय ओ, लई झोंबालंय. आग हुयालीय." आणि ती उठूनच बसली. डोळ्यातून घळाघळा पाणी. उद्या साखरपुडा, आणि उजवा डोळा बघता बघता लाल झाला.

मॅडम धावत आल्या. त्यांनी थंड पाण्यानं डोळा धुतला, एकदा, दोनदा, तीनदा. आणि धुता धुता त्या मुलीला म्हणाल्या, "शिकाऊ आहे हो ती. ग्लू जास्त घेतला असेल."

शिकाऊ. सगळ्यांसमोर. तळपायाची आग मस्तकात गेली. चार महिने मी थेंब मोजून घेत होते. दुसरं काहीही चुकलं असेल, थेंब चुकला नव्हता.

"थेंब बरोबर होता," मी म्हणाले. माझा आवाज खालच्या झेरॉक्सपर्यंत गेला असणार. "तुमचा ग्लू जुना आहे. जुनी बाटली संपवायला मला दिली तुम्ही. आणि आता माझ्या नावावर टाकताय."

"आठ दिवसांपूर्वी उघडलीय ती," मॅडम म्हणाल्या.

"मग कशानं झालं हे? माझ्यामुळं?"

त्या मुलीनं एका डोळ्यानं आमच्याकडं पाहिलं आणि माझी बाजू घेतली. कोल्हापूर जिल्ह्यात बाजू घेतात तेव्हा अर्धी घेत नाहीत. "ओ मॅडम, गरीब पोरीवर कशाला ढकलालाय? पैसं घेताय न्हवं? मग माल चांगला वापरायला काय हुतंय? माझं लगीन मोडलं असतं म्हंजे? नवी बाटली काढा, आनि ह्याच ताई पुरं करतील." आणखीही बरंच बोलली. बाहेर बसलेल्या दोन बायका आत डोकावल्या. मॅडम कपाटाकडं वळल्या. त्यांनी नवी बाटली फोडली, जुनी कचऱ्यात टाकली आणि माझ्यापुढं हातमोजे ठेवले. मी त्यांच्याकडं बघत, मुद्दाम सावकाश, ते चढवले.

लाली उतरल्यावर राहिलेला डोळा पूर्ण झाला. अजिबात झोंबलं नाही. मुलीनं आरशात पाहिलं आणि माझा हात दाबला. संध्याकाळी मॅडम म्हणाल्या, "उद्यापासून खिडकीला बस." मी जिंकले होते. जिना उतरताना मला गाणं म्हणावंसं वाटत होतं.

दसरा चौकातल्या सिग्नलला डोळ्यात कचरा गेला. मी बोटानं डोळा चोळला. दिवसभरात पहिल्यांदाच. आणि डोळ्यात आग पेटली. ग्लू नव्हता, बाटली नव्हती, मॅडम नव्हत्या. माझं बोट होतं. मागचे हॉर्न वाजवत होते आणि मी गाडीवर बसून आंधळ्यासारखी रडत होते. मी बोट नाकाजवळ नेलं. नखाच्या आत, साबणाच्या आणि खोबरेलाच्याही खाली, लसूण आणि मिरची होती. नव्या बाटलीनं नव्हे, हातमोज्यांनी तिचा डोळा वाचवला होता.

लगेच परत फिरायला हवं होतं. मी फिरले नाही. रविवारी मी खिडकीजवळ बसले. उजेड किती छान पडायचा तिथं. सोमवारीही बसले. सोमवारी दुपारी मॅडमनी माल देणाऱ्या माणसाला फोन लावला. तो शपथा घेत होता, पलीकडून ऐकू येत होतं. मॅडम त्याला म्हणाल्या, "पुन्हा माझ्या दारात यायचं नाही." तो माणूस पन्हाळ्यापर्यंत स्कूटरवरून माल पोचवणारा, मुलींना पोरी-पोरी म्हणून विचारपूस करणारा. मी चिमटा खाली ठेवला.

मी उठून सांगितलं. चटणीपासून सिग्नलपर्यंत सगळं. मला वाटलं होतं, त्या ओरडतील. त्या ओरडल्या असत्या तर मीही ओरडले असते आणि बरं वाटलं असतं.

"हातमोजे घाल म्हणून किती वेळा सांगितलं होतं?"

"रोज."

"बेड सोड," त्या म्हणाल्या. मग त्यांनी त्या माणसाला परत फोन केला आणि माफी मागितली. माझ्या चुकीची माफी, माझ्यासमोर, त्यांनी. मग फोन माझ्याकडं दिला. "आता आजऱ्याला तू लाव."

मुलीनं फोन उचलला. साखरपुडा छान झाला होता. डोळा दुसऱ्या दिवशी सकाळी बरा होता. मी सांगत गेले आणि तिकडं सगळं शांत होत गेलं. चटणी ऐकून ती हसेल अशी एक वेडी आशा होती. ती हसली नाही.

"डोळ्याचं ऱ्हाऊ दे, ताई," ती शेवटी म्हणाली. "मी त्यास्नी काय काय बोलली. त्यांच्या वयाचा मान बी ठेवला न्हाय. तुमी मला बोलाय लावलासा."

 तिनं फोन ठेवला.

पुढं दिवाळीपर्यंत मी आतल्या खोलीत ट्यूबलाइटखाली होते. वॅक्सिंग केलं, पाय धुतले, टॉवेल आणले, आणि मोकळ्या वेळात डमीला सरळ करून तिच्यावर हातमोजे घालून काम केलं. सुरुवातीला चिमटा निसटायचाच. मग मी हातमोज्यांचा एक आकार लहान मागवला आणि निसटायचा थांबला. इतकंच होतं ते. चार महिन्यांत मी एकदाही मागितला नव्हता.

राग तर होताच. पण पूर्वी तो ठेवायला जागा होती. आता मॅडमवर ठेवावा तर बसेना. सासूबाईंवर ठेवायला गेले. एका संध्याकाळी म्हणाले, "त्या दिवशी मला चटणीला बसवलं नसतं, तर हे झालं नसतं." त्यांनी निवडायची मेथी खाली ठेवली. "मी म्हटलं न्हवतं व्हय, उद्या तुझं काम हाय, ऱ्हाऊ दे म्हनून? तूच म्हनलीस, करते की, मला काय धाड भरलीय." आणि तसंच झालं होतं. मी तसंच म्हणाले होते, फणकाऱ्यानं, आणि नंतर वर्षभर पुरेल इतका राग त्या परातीत मळला होता.

दिवाळीनंतर एका सकाळी आजऱ्याची मुलगी पार्लरच्या दारात उभी राहिली. सोबत आई होती. चार दिवसांवर लग्न आलं होतं. तिनं आधी मॅडमना वाकून नमस्कार केला, मग माझ्याकडं बोट केलं. "ह्यांच्याकडनंच करून घेनार."

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं आणि मानेनं खिडकीकडं खूण केली.

मी चादर बदलली, दिवा लावला, हात धुतले. हातमोज्यांचा डबा काढला. मुलगी बेडवर बसली होती, आडवी होत नव्हती.

"थांबा," ती म्हणाली. "घालायच्या आधी हात दावा."

मी दोन्ही हात पुढं केले. तिनं मनगटं धरली, माझी बोटं नाकाजवळ नेली आणि एकेकाचा वास घेतला. दहाच्या दहा. सगळं पार्लर बघत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला अशा वेळी राग आला नाही.

"साबनाचा येतोय," ती म्हणाली, आडवी झाली आणि तिनं डोळे मिटले.